गोल खाल्ल्यावर आधी पावलं बघा

गोल बसला की मैदानावरच्या सगळ्या माना कीपरकडे वळतात. मी कोल्हापुरात शिकायला होते तेव्हा कीपर होते, म्हणून त्या माना मला चांगल्या ठाऊक आहेत. शाहू स्टेडियमवर पेठांचे सामने बघत मी खेळ शिकले. तिथे हजारो माणसं एकदम ओरडतात, पण ऐकू यायला हवी ती आपल्याच स्टॉपरची (बचावातल्या मधल्या खेळाडूची) एक हाक, आणि नेमकी तीच कधीकधी आलेली नसते. आता मी वेंगुर्ल्यात मुलींना फुटबॉल शिकवते. आमच्या संघात गोल खाल्ल्यावर कीपरकडे बघायचं नाही, असा नियम आहे. बघायचं ते स्वतःच्या पायाखाली.

आम्ही समुद्राच्या ओल्या वाळूवर सराव करतो, म्हणून हे जमतं. ओहोटीला पाणी मागे गेलं की वाळू घट्ट होते आणि पावलाचा ठसा टाचेपासून अंगठ्यापर्यंत स्पष्ट उमटतो. गोल झाला की मी शिट्टी मारते. जी जिथे आहे तिथेच उभी राहते. मग मी चिव्याची काठी घेऊन ठशाठशांमधून रेघ ओढत जाते. कोण कुठून आलं, कुणाचे पाय कुठे वळले होते, कोण जागची हललीच नव्हती, सगळं वाळूवर दिसतं. तिथे कुणाला खोटं बोलता येत नाही आणि कुणावर उगाच आळही येत नाही.

तुमच्याकडे किनारा नसेल तर नारळाची सोडणं गोळा करून ठेवा. गोल झाल्यावर प्रत्येकीने आपण जिथे उभ्या होतो तिथे एक सोडण ठेवायचं. लाल मातीच्या मैदानावर आम्ही तेच करतो. किनाऱ्यावर खेळणार असाल तर तिथी बघा. आमच्याकडे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास संध्याकाळी मोठी ओहोटी असते आणि मैदान ऐसपैस मिळतं. ओहोटीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे अष्टमीच्या सुमारास संध्याकाळी भरती असते आणि आम्ही सकाळी खेळतो. गोल 7.32 मीटर रुंद. तेवढं अंतर मोजलेली दोरी मी पिशवीत ठेवते, पावलांवर विसंबत नाही. लहान गोलावर सराव केलेल्या कीपरला खऱ्या खांबांमध्ये उभं राहिल्यावर आपली जागा सापडत नाही.

मला हे सगळं ज्या गोलाने शिकवलं तो आधी सांगते. उजवीकडून उंच बॉल आला, कीपरच्या हातावरून गेला, आणि लांबच्या खांबाशी समोरच्या संघातल्या मुलीने तो एकटीने, आरामात आत ढकलला. सगळ्या कीपरकडे बघू लागल्या. मी रेघ ओढली. आमच्या डाव्या साइड बॅकचे (कडेच्या बचावपटूचे) ठसे बॉलच्या दिशेने वळलेले, शेजारी शेजारी, म्हणजे ती उभी राहून बॉल बघत होती. गोल करणाऱ्या मुलीचे ठसे तिच्या पाठीमागून, तीन पावलांवरून गेलेले. इथवर चूक साइड बॅकची. पण स्टॉपरचे ठसे बघितले तर तिचा एक पाय बॉलकडे आणि एक पाय लांबच्या खांबाकडे वळलेला होता. म्हणजे तिने मान वळवून बघितलं होतं.

ती म्हणाली, "बाई, माका दिसला हुता."

"मगे बोललंस कित्याक नाय?"

"तिका दिसात असा वाटला."

तिला दिसेल असं वाटलं, हे उत्तर मी तेव्हापासून कितीतरी वेळा ऐकलं आहे. आमच्या वहीत लिहिलेल्या गोलांमध्ये कुणालाच काही दिसलं नव्हतं असे थोडे आहेत. बहुतेकांच्या आधी कुणाला तरी धोका दिसलेला होता आणि तो तिच्या तोंडातच राहिला. म्हणून मी जागा आणि हाक या दोन गोष्टी वेगवेगळ्या शिकवत नाही. जागा चुकली तरी हाक वेळेवर आली तर दोन पावलांत दुरुस्त होते. हाक नसेल तर बरोबर जागी उभी असलेली मुलगीसुद्धा एकटी पडते.

जागा

आधी एकटीची जागा. समोरच्या संघातल्या, तुमच्या ताब्यातल्या मुलीपासून आपल्या गोलाच्या मध्यापर्यंत वाळूवर रेघ ओढा. त्या रेघेवर, तिच्यापेक्षा गोलाच्या जवळ उभ्या राहा. अंग तिरकं ठेवा, एक पाय पुढे आणि एक मागे. दोन्ही पाय बॉलकडे वळले की पाठीमागचं दिसत नाही आणि वळून धावायला एक पाऊल जास्त लागतं. एका नजरेत बॉल आणि मुलगी दोन्ही मावायला हव्यात. मावत नसतील तर दोन पावलं मागे व्हा आणि दर दोन-तीन सेकंदांनी खांद्यावरून मागे बघा. ही मान वळवायची सवय लावायला मी सगळ्यात जास्त वेळ देते. सरावात मी गोलामागे उभी राहून बोटं वर करते आणि मध्येच विचारते, किती? जिला सांगता येतं ती मागे बघत असते.

मग चौघींची जागा. इथे मला रापणीची आठवण द्यावी लागते, कारण आमच्या बऱ्याच मुलींच्या घरी ती पिढ्यान् पिढ्या आहे. होडीने समुद्रात जाळ्याचा अर्धगोल टाकतात आणि किनाऱ्यावरून दोन्ही टोकांचे दोर दोन गट ओढतात. एका बाजूने घाई केली की जाळं तिरकं होतं आणि मासे बाजूने निसटतात. त्यामुळे ओढणाऱ्याचे हात दोरावर असले तरी लक्ष पलीकडच्या गटावर असतं. बचावाच्या चौघींचं तसंच. बॉल उजवीकडे गेला की चौघी उजवीकडे सरकतात. उजवी साइड बॅक बॉलवर जाते. तिच्या जवळची स्टॉपर चार-पाच पावलं मागे आणि आतल्या बाजूला थांबते, म्हणजे पहिली चुकली तरी दुसरी समोर असते. दुसरी स्टॉपर गोलासमोर मध्यावर. आणि डावी साइड बॅक, जिला वाटतं की आपलं आत्ता काही काम नाही, ती आत लांबच्या खांबाच्या रेषेपर्यंत येते. वर सांगितलेला गोल याच जागेवरून गेला. बॉल लांब असतो तेव्हा लांबची साइड बॅक ही सगळ्यात धोक्याच्या जागेवर असते, हे तिला रोज सांगावं लागतं.

सरकणं शिकवायला आम्ही जुनी जाड दोरी वापरतो. चौघींनी ती हातात धरायची, दोघींमध्ये साधारण आठ पावलांचं अंतर. मी बॉल घेऊन इकडून तिकडे चालते. दोरी जमिनीला टेकली तर त्या फार जवळ आल्या, हातातून सुटली तर फार लांब गेल्या. पंधरा मिनिटं पुरतात. धावताना दोरी कमरेला बांधू नका, पडल्या तर दुखापत होईल.

पुढे कधी सरकायचं आणि मागे कधी, यावर पुष्कळ वाद होतात. मी एकच गोष्ट बघायला सांगते: बॉल जिच्या पायाशी आहे तिला मोकळेपणा आहे का? ती मान वर करून बघतेय आणि तिच्यावर कुणी धावून गेलेलं नाही, तर लांब बॉल येणार. तिने मारायच्या आधीच चौघींनी मागे पळायला लागायचं. तिची पाठ आपल्याकडे असेल, किंवा तिने बॉल मागे दिला असेल, तर चौघींनी पुढे. 1980च्या दशकाच्या शेवटी मिलान संघाने अरिगो साक्की यांच्या हाताखाली आणि फ्रांको बारेसीच्या नेतृत्वात बचावाची रेषा इतकी पुढे नेली की समोरच्यांना खेळायला जागाच उरायची नाही. पण ती रेषा चालायची ती पुढचे खेळाडू बॉलवर सतत दबाव ठेवायचे म्हणून. दबाव नसताना नुसती रेषा पुढे आणली तर आपल्या पाठीमागे मोकळं रान मिळतं, आणि मग ऑफसाइडसाठी (बॉल सुटताना समोरची आपल्या रेषेच्या पलीकडे होती म्हणून) हात वर करण्यापलीकडे हातात काही राहत नाही.

त्या वर केलेल्या हाताबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. थ्रो-इनवरून थेट आलेल्या बॉलला ऑफसाइड नसतं. गोलकिक आणि कॉर्नरलाही नसतं. आमची साइड बॅक एकदा थ्रो-इनला हात वर करून उभी राहिली आणि तिच्या शेजारून मुलगी बॉल घेऊन गेली. बचाव करणाऱ्या संघाच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्या बरोबरीला असलेली मुलगीसुद्धा ऑफसाइड नसते. त्यामुळे हात वर करायचाच असेल तर पळता पळता करा. शिट्टी वाजेपर्यंत पाय थांबता कामा नयेत.

हाक

पहिल्या वर्षी मी मुलींना 'मॅन ऑन', 'टाइम', 'अवे' असे शब्द शिकवले, कारण मी तेच शिकले होते. सरावात छान म्हणायच्या. सामन्यात घाबरल्या की एकीच्याही तोंडून शब्द फुटेना. मग माझ्या लक्षात आलं की घाबरल्यावर माणूस घरच्या भाषेत ओरडतं. तेव्हापासून आमच्या हाका मालवणीत आहेत आणि सहाच आहेत.

'इली!' म्हणजे तुझ्या पाठीवर कुणीतरी आलीय. 'येळ!' म्हणजे तुला वेळ आहे, वळ आणि बघ. 'रव!' म्हणजे पाय घालू नकोस, समोर उभी राहून तिला अडवून धर, आम्ही येतोय. 'मागे!' आणि 'भायर!' या रेषेच्या हाका, मागे पळायची आणि पुढे निघायची. 'माझो!' म्हणजे बॉल मी घेतेय, बाकीच्यांनी हात-पाय लावायचा नाही. तुम्ही तुमच्या गावचे शब्द घ्या. एका श्वासात सुटेल एवढाच शब्द असावा आणि दोन हाका ऐकायला सारख्या नसाव्यात.

हाकेआधी नाव किंवा नंबर. नुसतं 'रव!' ऐकून चौघी थांबतात. आमच्याकडे तिघींची नावं एकसारखी ऐकू येतात म्हणून आम्ही नंबर घेतो: "चार, रव!" वाऱ्यात 'सहा' आणि 'दहा' एकच वाटतात हे पहिल्याच महिन्यात कळलं. मग बचावात दोन ते पाच एवढेच नंबर ठेवले आणि सहा नंबर पुढे पाठवला. नाव किंवा नंबर घेण्याला आणखी एक कारण आहे. बोलून प्रतिस्पर्ध्याचं लक्ष विचलित करणं नियमानुसार गैरवर्तन आहे आणि त्याला पिवळं कार्ड मिळू शकतं. मोघम 'सोड!' असं ओरडलात आणि समोरचीच फसली तर रेफरी तुम्हाला दोष देऊ शकतो.

कुणी बोलायचं? मागचीने पुढचीला. मागचीला जास्त दिसतं, म्हणून बोलायची जबाबदारी तिची. कीपर स्टॉपरला सांगते, स्टॉपर हाफला (मधल्या फळीतल्या मुलीला), हाफ फॉरवर्डला. रेषेच्या दोन हाका मात्र एकाच स्टॉपरच्या तोंडून निघायच्या. दोघींनी दोन वेगळ्या हाका दिल्या तर अर्धी रेषा पुढे येते, अर्धी मागे राहते, आणि मागे राहिलेल्या एकीमुळे समोरच्या सगळ्या ऑनसाइड होतात. एखादीचा आवाज बारीक असतो. तिला मोठ्याने ओरड म्हणून रागावू नका. तिच्या शेजारणीला सांगा की हाक ऐकली की तीच हाक पुढे दे. दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो तेव्हा जमिनीकडची मुलगी कितीही ओरडली तरी पाण्याकडच्या मुलीपर्यंत पोचत नाही. अशा वेळी हाक हातातून हातात जावी तशी चौघींतून पुढे जाते.

हाक केव्हा द्यायची हे शिकवायला वेळ लागतो. बॉल पायाशी पोचल्यावर 'इली!' म्हणणं निरुपयोगी आहे. बॉल सुटतो आणि पोचतो या मधल्या वेळेत ती हाक कानावर पडायला हवी. त्यासाठी एक साधा सराव. एक मुलगी माझ्याकडे तोंड करून उभी राहते. तिच्या मागे दुसरी मुलगी कधी धावत येते, कधी जागीच राहते. मी बॉल देते आणि तिसरी फक्त 'इली' किंवा 'येळ' सांगते. ऐकणारीने मागे न बघता त्या शब्दावर विश्वास ठेवायचा: 'इली' आली तर बॉल परत द्यायचा, 'येळ' आली तर वळायचं. दोन दिवसांत मुलींना कळतं की चुकीची हाक मैत्रिणीला किती महाग पडते, आणि त्या आपोआप नीट बघू लागतात.

कीपरची 'माझो!' ही हाक सगळ्या हाकांवर चालते. ती दिली की निघायचंच, मध्येच थांबायचं नाही. आणि कीपरला मागे बॉल देताना तो दोन खांबांच्या मध्ये देऊ नका, खांबाच्या बाहेरच्या बाजूला द्या. 1992पासून आपल्याच खेळाडूने मुद्दाम पायाने दिलेला बॉल कीपरला हातात घेता येत नाही. ओल्या मैदानावर तिचा पाय घसरला तर बॉल गोलात न जाता बाहेर जायला हवा.

कॉर्नरबद्दल थोडक्यात. प्रत्येकीने आपली मुलगी शिट्टीआधी हाताच्या अंतरावर ठेवायची आणि नंबर मोठ्याने सांगायचा: "नऊ माझी!" एखादा नंबर कुणीच घेतला नाही तर तो लगेच कळतो. बॉल बाहेर मारला की 'भायर!' आणि सगळ्यांनी पळायचं, खांबाजवळ उभी असलेलीनेसुद्धा. ती हमखास विसरते.

गोल बसल्यानंतरचं एक मिनिट

गेल्या पावसाळ्यात एका शालेय सामन्यात आम्ही आठ मिनिटांत तीन गोल खाल्ले. पहिला चिखलात बॉल अडकल्यामुळे झाला, तो कुणाचाही झाला असता. पुढचे दोन आम्ही एकमेकींकडे बघत उभ्या होतो म्हणून झाले. हे मोठ्या संघांनाही होतं. 8 जुलै 2014ला वर्ल्ड कपच्या उपांत्य सामन्यात बेलो होरिझोंतेमध्ये जर्मनीने ब्राझीलवर 23व्या ते 29व्या मिनिटांत चार गोल केले. ब्राझीलचा कर्णधार थियागो सिल्वा त्या दिवशी खेळू शकत नव्हता. 26व्या मिनिटाचा गोल आवर्जून बघा. मध्यावरून खेळ नुकताच सुरू झालेला, ब्राझीलने आपल्याच अर्ध्यात बॉल गमावला, आणि टोनी क्रोसने तो काढून घेऊन खेदिराबरोबर गोल केला. रेषा अजून लागलेलीच नव्हती.

त्या उलट 1958च्या वर्ल्ड कपची अंतिम लढत. स्वीडनने चौथ्या मिनिटाला ब्राझीलवर गोल केला. ब्राझीलच्या दिदीने जाळ्यातून आलेला बॉल काखेत घेतला आणि अजिबात घाई न करता तो मध्यापर्यंत चालत नेला. बाकीच्यांना तेवढ्या वेळात श्वास मिळाला. ब्राझीलने तो सामना 5–2 जिंकला.

आमच्याकडे बॉल जाळ्यातून काढायचं काम स्टॉपरचं आहे, कीपरचं नाही. वाकून स्वतःच्या पाठीमागचा बॉल काढताना कीपरला काय वाटतं ते मी भोगलं आहे. स्टॉपर बॉल घेते, कीपरच्या खांद्याला हात लावते आणि चालत निघते. वेळ काढायचा नाही, पण पळायचंही नाही. चालता चालता चौघी जवळ येतात. त्या वेळी 'तू' हा शब्द वर्ज्य. 'तू कुठे होतीस' याचं उत्तर कुणाकडेही नसतं. एकीने फक्त पुढे काय करायचं ते सांगायचं: "आता डावीकडे दोघी जाऊया", किंवा "पाच मिनिटं रेषा मागे". मग खेळ सुरू झाल्यावर पहिले दोन-तीन पास साधे, बाजूला आणि मागे. आपल्या अर्ध्यात मध्यातून अवघड पास द्यायचा नाही. आणि पहिल्या मिनिटात चौघींपैकी प्रत्येकीने किमान एक हाक द्यायचीच, गरज नसली तरी. गोल बसला की घसा आवळतो. एकदा आवाज फुटला की पुढचा येतो.

हरल्यानंतर बसमध्ये चर्चा नको. आम्ही दुसऱ्या दिवशी वही उघडतो. प्रत्येक गोल शेवटच्या पायापासून मागे मागे न्यायचा, निदान पाच पास मागे, आणि प्रत्येक पासला दोन प्रश्न: कुणाला काय दिसलं, आणि तिने काय म्हटलं. नावाऐवजी जागा लिहायची. गेल्या पावसाळ्यातल्या त्या दुसऱ्या गोलाची नोंद मुलींनी लिहिली ती अशी:

"पाचवा पास मागे – आमचा थ्रो-इन त्यांना मिळाला. उजव्या हाफला दिसलं, बोलली नाही. चौथा – त्यांची हाफ मोकळी, मान वर. स्टॉपरला दिसलं, 'मागे' उशिरा म्हटलं. तिसरा – डावी साइड बॅक चिखलात घसरली. दुसरा – 'चार, रव' असं कीपर म्हणाली, ऐकू गेलं नाही, मधल्या दोघींनी पुढे दिलं नाही. पहिला – गोल. उद्या सराव: हाक पुढे देणे, अर्धा तास, वाऱ्याच्या बाजूला."